महिन्याचा एफयूपी न उडवता मोठ्या फाइली पाठवायच्या कशा

अनलिमिटेड प्लॅन घेतलाय, बिल वेळेवर भरलंय, आणि तरी महिना संपत आला की नेट असं मरतं की व्हॉट्सअ‍ॅपवरचा साधा फोटो उघडायला पण ताटकळत बसावं लागतं. मग राउटर बंद कर, चालू कर, केबलवाल्याला फोन लाव, तो म्हणतो "साहेब इथून लाईन ओके दाखवतेय", आणि तो खोटं बोलत नसतो, लाईन ओकेच असते. एफयूपी संपलेला असतो.

एफयूपी म्हणजे फेअर युसेज पॉलिसी. अनलिमिटेडचा अर्थ एवढाच की नेट बंद पडणार नाही, पण फुल स्पीडने किती जीबी मिळणार त्याला मर्यादा आहे. जिओ, एअरटेल वगैरेंच्या घरगुती फायबरच्या बऱ्याच प्लॅनला ही मर्यादा महिन्याला ३३०० जीबी आहे. बिल्डिंगमध्ये लोकल केबलवाल्याचं नेट असेल तर त्याचा आकडा वेगळा असतो, कधीकधी बराच कमी, आणि तो पावतीवर नसतो, प्लॅनच्या पानावर खाली बारीक अक्षरात असतो. तो आधी शोधा. मर्यादा संपल्यावर स्पीड किती राहणार तेही तिथेच लिहिलेलं असतं. आणि महिना एक तारखेला सुरू होतो असं धरू नका, तुमचं बिल ज्या तारखेला निघतं तिथून मोजणी चालू होते.

आता ३३०० जीबी ऐकायला खूप वाटतं, म्हणून थोडा हिशोब. एमबीपीएसमधला बी म्हणजे बिट, फाइलच्या एमबीमधला बी म्हणजे बाइट, आठ बिटांचा एक बाइट, त्यामुळे स्पीडला आठने भागायचं. १०० एमबीपीएसची लाईन सेकंदाला साडेबारा एमबी ओढते, म्हणजे तासाला ४५ जीबी, म्हणजे लाईन सतत फुल चालली तर ३३०० जीबी ७३ तासांत खलास. तीन दिवस आणि वर तासभर. अर्थात असं कोणी सतत चालवत नाही. दिवसाला ११० जीबी वाट्याला येतात आणि नेटफ्लिक्स ४के मध्ये बघितलं तरी तासाला ७ जीबीच्या आसपास जातात, एचडीला ३. घरात दोन टीव्ही रोज चार-चार तास ४के चालले तरी ५६ जीबी होतात, निम्मेच. म्हणजे सिनेमे बघून हा कोटा संपवणं तसं कठीण आहे. संपतो तो फाइली इकडून तिकडे नेण्यात, आणि त्यातही फाइल किती मोठी आहे यापेक्षा ती नेटवरून किती वेळा ये-जा करते त्यात.

गिरगावात माझा एक मित्र लग्नाचं शूटिंग करतो. दोन कॅमेरे, हळदीपासून वरातीपर्यंत, एका लग्नाचं फुटेज ३०० जीबीच्या घरात. त्याच्याकडे गेलो तेव्हा तक्रार ठरलेली, "अरे दर महिन्याला वीस तारखेनंतर नेट बसतं, कंपनी बदलू का?" टेबलावर लॅपटॉप आणि त्याच्या शेजारी, हातभर अंतरावर, एडिटिंगचा पीसी. दोन्ही स्क्रीनवर खाली उजव्या कोपऱ्यात गूगल ड्राइव्हचं चिन्ह गोल फिरतंय. झालं काय होतं, तो कार्डवरचं फुटेज लॅपटॉपवरच्या ड्राइव्हच्या फोल्डरमध्ये टाकायचा कारण डोंबिवलीच्या एडिटरला लिंक पाठवायची असायची, ते तिथून ३०० जीबी वर जायचं, आणि पीसीवर तेच अकाउंट लॉगिन असल्याने पीसी तेच ३०० जीबी लगेच खाली ओढायचा. एका टेबलावरची फाइल कुठल्या तरी डेटा सेंटरची वारी करून परत त्याच टेबलावर. अपलोड आणि डाउनलोड दोन्ही मोजलं जातं, त्यामुळे एका लग्नाला ६०० जीबी आणि मुहूर्ताच्या महिन्यात पाच लग्नं म्हणजे ३००० जीबी तिथेच गेले. कंपनी बदलून काय होणार होतं!

त्याला सांगितलं ते तुम्हालाही लागू आहे. कच्चा माल ड्राइव्हच्या फोल्डरमध्ये टाकायचाच नाही, वेगळं फोल्डर ठेवा आणि जे खरंच बाहेर पाठवायचंय तेवढंच आत टाका. ड्राइव्हच्या डेस्कटॉप अ‍ॅपमध्ये स्ट्रीम आणि मिरर असे दोन पर्याय असतात, मिरर म्हणजे सगळं त्या मशीनवर उतरवून ठेवणार, स्ट्रीम म्हणजे उघडाल तेवढंच येणार, दुसऱ्या मशीनवर स्ट्रीम ठेवा. त्याच सेटिंगमध्ये अपलोडचा स्पीड बांधून ठेवता येतो, ते केलंत तर दिवसा बाकीच्यांच्या मीटिंगा तुटत नाहीत. ड्रॉपबॉक्स वापरत असाल तर त्यात लॅन सिंक नावाची सोय आहे, एकाच नेटवर्कवरच्या मशीन फाइल आपसात घेतात, नेटवरून परत ओढत नाहीत.

आता घरातल्या घरात किंवा ऑफिसातल्या ऑफिसात फाइल द्यायची असेल तर. इथे इंटरनेटचा एक केबीसुद्धा जायची गरज नाही. वाय-फाय आणि इंटरनेट या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे एकदा डोक्यात बसलं की अर्धं काम झालं, दोन मशीन एकाच राउटरला जोडलेल्या असतील तर फाइल राउटरपर्यंत जाऊन परत येते, बाहेर जात नाही, एफयूपीत मोजली जात नाही. पूर्वी सगळे शेअरइट आणि झेंडर वापरायचे, ती दोन्ही जून २०२० मध्ये सरकारने बंद केलेल्या ५९ अ‍ॅपमध्ये गेली. आता अँड्रॉइडमध्ये क्विक शेअर आहे, आयफोन-मॅकवाल्यांना एअरड्रॉप आहे, आणि सगळ्यांची खिचडी असेल, म्हणजे बायकोचा आयफोन, तुमचा अँड्रॉइड, ऑफिसचा विंडोज लॅपटॉप, तर लोकलसेंड हे अ‍ॅप घ्या. फुकट आहे, जाहिराती नाहीत, अकाउंट नाही. दोन्हीकडे उघडायचं, समोरच्याचं नाव दिसतं, त्यावर टॅप करायचं, पलीकडे स्वीकारायचं, झालं. नाव दिसलंच नाही तर बहुतेक वेळा एक जण गेस्ट वाय-फायवर असतो (राउटर गेस्टला बाकीच्यांशी बोलू देत नाही), नाहीतर विंडोजची फायरवॉल आड आलेली असते, नेटवर्क पब्लिक ऐवजी प्रायव्हेट करून बघा.

घरात राउटरच नसेल, गावाला असाल किंवा गाडीत, तरी जमतं. एका अँड्रॉइड फोनचा मोबाइल डेटा बंद करा आणि हॉटस्पॉट चालू करा, दुसरा फोन त्याला जोडा, लोकलसेंड उघडा. डेटा बंद असल्यामुळे शून्य एमबी जातात.

मित्रासारखं शेकडो जीबीचं काम असेल तर मात्र वाय-फायवर विसंबू नका, केबल लावा. लॅमिंग्टन रोडला कॅट-६ ची तयार केबल मिळते, लॅपटॉपला लॅनचं भोक नसेल तर यूएसबीला लागणारा डोंगल मिळतो. एक गंमत लक्षात ठेवा, बऱ्याच स्वस्त राउटरचे लॅन पोर्ट १०० एमबीपीएसचेच असतात, त्यातून ३०० जीबी न्यायला साडेसहा-सात तास लागतील. त्यापेक्षा दोन मशीन एकाच केबलने थेट एकमेकांना जोडा, मध्ये राउटर नको, दोन्हीकडे गिगाबिट पोर्ट असेल तर सेकंदाला ११० एमबीच्या आसपास मिळतात आणि तेच ३०० जीबी पाऊण तासात होतात, फक्त डिस्क जुनी फिरणारी असेल तर तिच्या वेगाने चालेल. जोडल्यावर एका मशीनवर फोल्डरला राइट क्लिक, प्रॉपर्टीज, शेअरिंग, आणि दुसऱ्या मशीनवरून नेटवर्कमध्ये जाऊन ते फोल्डर उघडायचं. पासवर्ड मागितला तर पहिल्या मशीनच्या अकाउंटचा द्यायचा.

बाहेर पाठवायचं असेल तर पहिला प्रश्न, सगळं पाठवायचंय का? झिप करून काही होत नाही, म्हणजे व्हिडिओ आणि जेपीजी फोटो आधीच दाबलेले असतात, झिप केल्यावर ३०० चे २९८ होतील फार तर. झिपचा उपयोग हजार छोट्या फाइलींची एक फाइल करण्यापुरता. खरी बचत हवी असेल तर एडिटरला प्रॉक्सी पाठवा. दाविंची रिझॉल्व्ह, प्रीमियर या एडिटिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये ही सोय आहे, मूळ फुटेजची हलकी कॉपी तयार होते, मूळच्या दहाव्या हिस्स्यातही बसू शकते, एडिटर त्यावर कापाकापी करतो, परत पाठवतो ती फक्त प्रोजेक्ट फाइल, काही एमबीची, आणि तुम्ही इकडे मूळ फुटेज जोडून फायनल काढता. नुसतं नातेवाइकांना दाखवायचं असेल तर हँडब्रेक या सॉफ्टवेअरमधून एच २६५ या जास्त दाबणाऱ्या फॉरमॅटमध्ये काढा, फोनच्या स्क्रीनवर फरक कळत पण नाही.

व्हॉट्सअ‍ॅपवर एक फाइल २ जीबीपर्यंत जाते, पण फोटो-व्हिडिओ म्हणून पाठवलं तर ते त्याची क्वालिटी मारतं, क्वालिटी हवी असेल तर डॉक्युमेंट म्हणून जोडा. टेलिग्रामला पण २ जीबी. गूगलचे फुकटचे १५ जीबी जीमेल आणि फोटोजसकट आहेत, मोठी फाइल टाकून कोटा भरला तर ईमेल येणं थांबतं, हे भल्याभल्यांच्या लक्षात येत नाही. वीट्रान्सफरसारख्या फाइल पाठवायच्या साइट बऱ्या, पण एकाच सेवेवर धंदा टांगून ठेवू नका, मे २०२० मध्ये दूरसंचार खात्याच्या आदेशाने वीट्रान्सफर इथे अचानक बंद झालं होतं आणि तेव्हा लॉकडाऊनमध्ये घरून काम करणाऱ्या डिझायनर लोकांची चांगलीच पळापळ झाली.

ब्राउझरमधून ४० जीबी अपलोड लावून झोपू नका. बीएमसीने रस्ता खणला आणि फायबर तुटली, किंवा नुसता राउटर पाच मिनिटं गेला, तर ३८ जीबीवर तुटलेलं अपलोड बऱ्याच साइटवर पुन्हा शून्यापासून सुरू होतं आणि ते ३८ जीबी एफयूपीतून गेलेलेच असतात. तुटलं तिथून पुढे चालू करणारं काहीतरी वापरा, ड्राइव्हचं डेस्कटॉप अ‍ॅप चालेल, नाहीतर सिंकथिंग हे सॉफ्टवेअर. सिंकथिंगमध्ये फाइल कुठल्या क्लाउडवर राहत नाही, तुमच्या मशीनमधून निघते ती थेट समोरच्याच्या मशीनमध्ये, तुमच्याकडे एकदा अपलोड, त्याच्याकडे एकदा डाउनलोड. फक्त दोन्ही मशीन एकाच वेळी चालू पाहिजेत. इथे एक अडचण येते, आपल्याकडे बरेच प्रोव्हायडर घराला स्वतंत्र आयपी, म्हणजे नेटवरचा पत्ता, देत नाहीत, शेकडो घरं एका आयपीमागे बसवतात, त्याला सीजीनॅट म्हणतात. राउटरच्या पानावर वॅन आयपी (बाहेरच्या बाजूचा पत्ता) १०० पासून सुरू होत असेल आणि दुसरा आकडा ६४ ते १२७ मध्ये असेल तर तुम्ही त्यातलेच. अशा वेळी थेट जोडणी कधी होते, कधी नाही, नाही झाली की सिंकथिंग मधल्या रिले सर्व्हरवरून चालतं, चालतं पण रडतखडत. आयपीव्ही६ (पत्त्यांची नवी पद्धत) दोन्हीकडे असेल तर हा त्रास कमी. नाहीतर स्टॅटिक आयपी, म्हणजे स्वतःचा कायमचा पत्ता, घ्या, त्याचे वेगळे पैसे पडतात.

पण खरं सांगू का, मुंबईत राहून ३०० जीबी नेटवरून पाठवणं हा वेळेचा पण अपव्यय आहे. अपलोड ५० एमबीपीएस धरला तर तेरा तासांच्या वर लागतात, आणि बऱ्याच केबलवाल्यांचा अपलोड प्रत्यक्षात तेवढा नसतोच. सीएसएमटीहून डोंबिवली फास्ट पकडली तर हार्डडिस्क दोन तासांत एडिटरच्या हातात. गर्दीच्या वेळी सॅक पुढे घ्या एवढंच. डिस्क एक्सफॅटमध्ये फॉरमॅट करा, पेनड्राइव्ह फॅट३२ या जुन्या फॉरमॅटमध्ये असेल तर ४ जीबीपेक्षा मोठी फाइल त्यावर जातच नाही आणि विंडोज जो एरर देतं त्यावरून जागा कमी आहे असंच वाटतं. आणि एडिटर "आलं, सगळं उघडतंय" म्हणेपर्यंत कॅमेऱ्याचं कार्ड पुसायचं नाही. डिस्क नीट इजेक्ट करा, एक्सफॅट त्या बाबतीत नाजूक आहे.

आता न सांगता डेटा खाणारे. विंडोज अपडेट तुमच्याकडून दुसऱ्या लोकांना वाटलं जातं हे किती जणांना माहिती आहे? सेटिंग्ज, विंडोज अपडेट, अ‍ॅडव्हान्स्ड ऑप्शन्स, डिलिव्हरी ऑप्टिमायझेशन इथे जा, इंटरनेटवरच्या मशीनचा पर्याय निवडलेला असेल तर तो काढून फक्त लोकल नेटवर्क ठेवा. घरात चार लॅपटॉप असतील तर उलट फायदाच आहे, एकाने उतरवलेलं बाकीचे घेतील. दारावरचा क्लाउड कॅमेरा २ एमबीपीएसने दिवसरात्र वर पाठवत असेल तर महिन्याला साधारण ६५० जीबी होतात, तो हालचाल झाली तरच रेकॉर्ड करेल असं ठेवा. फोनमध्ये ४के व्हिडिओ काढत असाल तर मिनिटाला १७० एमबी नाहीतर जास्तच बनतात आणि फोटोचा बॅकअप ते गुपचूप वर ढकलतो, गणपतीच्या दहा दिवसांत हा आकडा कुठल्या कुठे जातो. पोरांचे गेम शंभर जीबीच्या वर जातात, स्टीम या गेमच्या अ‍ॅपमध्ये २०२३ पासून घरातल्या एका पीसीवरून दुसऱ्यावर गेम घेता येतो, ते चालू करून द्या.

टॉरेंट. डाउनलोड झाल्यावर बंद केला नाही तर तो सीड करत राहतो, म्हणजे तीच फाइल तुमच्याकडून दुसऱ्यांना वाटत राहतो, तुमची लाईन अपलोडला लागलेली आणि तेही मोजलं जातंय. क्लायंटच्या सेटिंगमध्ये अपलोडचा स्पीड बांधा आणि रेशो १ झाला, म्हणजे उतरवलं तेवढंच वर गेलं, की थांब असं सांगा. टॉरेंट ही पद्धत बेकायदेशीर नाही, लिनक्स त्यावरूनच उतरवतात लोक, पण नवा पिक्चर उतरवणं हा कॉपीराइट कायद्याचा भंग आहे आणि त्यात सहा महिन्यांपासून तीन वर्षांपर्यंत शिक्षा आहे, तेवढं ज्याचं त्याने बघावं. व्हीपीएन लावला की एफयूपीत मोजत नाही असं कोणी सांगितलं तर हसून सोडून द्या. व्हीपीएनने काय बघताय ते झाकतं, किती ओढताय ते नाही, उलट थोडं जास्तच मोजलं जातं.

ब्रॉडबँड बसलं की लोक फोनचा हॉटस्पॉट लावतात आणि तिथे दुसरा खड्डा. मोबाइल प्लॅनला दिवसाला दीड-दोन जीबी, आणि लॅपटॉपला वाटतं हे नेहमीचं वाय-फाय, म्हणून तो अडकलेले सगळे अपडेट, ड्राइव्हचं सिंक, सगळं एकदम सोडतो, दहा मिनिटांत दिवसाचा डेटा गुल. मग स्पीड ६४ केबीपीएसवर येतो, म्हणजे एक एमबी उतरायला दोन मिनिटं, रात्री बारा वाजेपर्यंत. म्हणून हॉटस्पॉटला जोडल्या जोडल्या विंडोजमध्ये त्या वाय-फायच्या प्रॉपर्टीजमध्ये मीटर्ड कनेक्शन (इथे डेटा मोजून मिळतो असं विंडोजला सांगणं) ऑन करा, एकदा केलं की त्या नावासाठी ते लक्षात ठेवतं. व्हॉट्सअ‍ॅपमध्ये स्टोरेज अँड डेटामध्ये जाऊन मोबाइल डेटावरचं ऑटो डाउनलोड बंद करा, सोसायटीच्या ग्रुपवरचे आरतीचे व्हिडिओ आपोआप उतरायची गरज नाही. स्टेशनवरचं रेलटेलचं फुकट वाय-फाय मोठ्या फाइलीसाठी धरू नका, रोज अर्धा तास १ एमबीपीएसने म्हणजे सव्वादोनशे एमबी होतात जेमतेम, तिकिटाचा पीडीएफ उघडायला ठीक.

हे सगळं करूनही आकडा जुळत नसेल, म्हणजे प्रोव्हायडरचं अ‍ॅप ३००० दाखवतंय आणि तुमच्या राउटरचं मीटर १२००, तर आधी वाय-फायचा पासवर्ड बदला, शेजाऱ्याला कधीतरी दिलेला असतो आणि आपण विसरतो, पण ते राउटरवर पण मोजलं गेलं असतं हे लक्षात घ्या, त्यामुळे दोन आकड्यांमध्येच फरक असेल तर भांडण प्रोव्हायडरशी आहे. राउटर मध्ये रीस्टार्ट झाला असेल तर त्याचं मीटर बऱ्याचदा शून्यावर येतं, तेही तपासा. ट्राय या दूरसंचार नियामकाने २०१६ मध्येच सांगून ठेवलंय की ५०, ९० आणि १०० टक्के वापर झाला की ग्राहकाला मेसेज किंवा मेल गेला पाहिजे, तो येत नसेल तर अकाउंटमधला मोबाइल नंबर जुना आहे का बघा, मुंबईत भाड्याच्या घरात तो बऱ्याचदा आधीच्या भाडेकरूचा नाहीतर मालकाचा असतो. नंबर बरोबर असेल तर कस्टमर केअरला तक्रार करा आणि डॉकेट नंबर, म्हणजे तक्रारीचा नंबर, घेतल्याशिवाय फोन ठेवू नका, केबलवाल्याच्या पोराला जिन्यात गाठून सांगितलेलं कुठे नोंदलं जात नाही. त्यावर काही झालं नाही तर त्याच कंपनीच्या अपिलेट अथॉरिटीकडे अपील करायचं, ट्राय एकेकट्या ग्राहकाची तक्रार घेत नाही, आणि तिथेही दाद लागली नाही तर ग्राहक हेल्पलाइन १९१५, अ‍ॅपमधल्या वापराचे दिवसवार स्क्रीनशॉट जवळ ठेवून.